भिंतीचा ताप

कुणाच्याही घरात शिरले की भाऊ आधी भिंतीकडे जात. पाणी नंतर, रामराम नंतर. विजेची तार ज्या लाकडी केसिंगमधून भिंतीवरून नेलेली असते, त्या केसिंगवर ते उलटा हात ठेवत. तापलेल्या पोराच्या गळ्याला आई लावते तशी, बोटांची मागची बाजू. क्षणभर डोळे मिटत. मग हात काढून, जणू काही केलंच नाही अशा चेहऱ्याने, "हं, काय म्हणता?" असं विचारत सतरंजीवर बसत.

घर लग्नाचं असो की सुतकाचं, या क्रमात कधी फरक पडला नाही. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीने एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, भितले ताप शे का?" भाऊंनी गंभीरपणे सांगितलं, "आज नही." ते उत्तर गावभर झालं. पुढे पुढे भाऊ सायकलवरून जाताना दिसले की टवाळ पोरं भिंतीला हात लावून डोळे मिटून दाखवायची, आणि भाऊ सायकल थांबवून त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायचे.

मी तेव्हा जळगावच्या वीज कंपनीच्या कचेरीत कारकून होतो आणि भाऊ तिथेच वायरमन. कागदोपत्री त्यांना चांगलं भारदस्त नाव होतं, पण पगाराच्या दिवशी त्या नावाचा पुकारा झाला की भाऊ स्वतःच मागे वळून कोण ते बघत. म्हणून मीही इथे भाऊच म्हणतो. मूळचे धुळ्याकडचे. बायको लवकर गेलेली, घरात एकुलती एक मुलगी, इंदू. राहायला पिंप्राळ्याला. तेव्हाचं पिंप्राळा म्हणजे गावाबाहेरचं खेडं, आणि कंपनीचे खांब त्याच्या बरेच अलीकडे संपत. दिवसभर गावाला उजेड वाटून हा माणूस घरी जायचा आणि कंदिलाची काच पुसत बसायचा. आम्ही चेष्टा केली की म्हणायचा, "मनं घर बरं शे. ताप येवाले तारच नही."

भाऊ साधुसंत होते असं मात्र समजू नका. माणूस तापट, आणि स्वतःच्या कामाचा ताठा भरपूर. घराघरात नेमका फ्यूज बसवणाऱ्या या माणसाच्या तोंडाला फ्यूज बसवायचा राहून गेला होता. मनात आलं की तोंडातून गेलं. साहेब असो, सावकार असो, समोरचा भाजून निघे.

वीज तेव्हा नवी होती. ज्याच्या त्याच्या मनात एकच होतं, दिवा जाता कामा नये. चिनी मातीच्या कटाउटमधली, म्हणजे फ्यूजच्या खोबणीतली, ती केसासारखी तार वितळली की लोकांना वाटे कंपनीने हलका माल दिला. जाड तार घाला, दोन पैसे जास्त घ्या, असं लोक बजावत. भाऊ ऐकून घेत आणि विचारत, तुमच्या घरातली सगळ्यात बारीक तार कुठे आहे ती दाखवा. माणसं गोंधळत. दिवे किती ते विचारा ना, म्हणत. भाऊंना दिव्यांशी कर्तव्य नसे. शिडी लावून ते माळ्यावर चढत, न्हाणीघरात वाकून बघत, आणि घरातली सगळ्यात अशक्त तार शोधून काढत. मग तिच्याहूनही अशक्त तार कटाउटमध्ये बसवत. भार जास्त झाला तर आधी ही गेली पाहिजे, ओटीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ती गेली नाही तर माळ्यावरची जाईल, आणि ती एकटी जाणार नाही. एवढं सांगून ते शिडी खांद्यावर घेत. पटलं तर पटलं.

आणखी एक त्यांची रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही वायरमनमध्ये पाहिली नाही. फ्यूजच्या तारेचा जादा तुकडा ते घरच्या पुरुषाच्या हातात कधी देत नसत. तो पुठ्ठ्यावर गुंडाळून थेट स्वयंपाकघराच्या दारात जात, घरातल्या कर्त्या बाईला हाक मारत आणि मिसळणाच्या डब्यात ठेवायला सांगत. त्यांचं म्हणणं, पुरुषाच्या हाती तार दिली की तो तिला तिहेरी पीळ घालतो आणि वर मिशीलाही घालतो. बाईला ठाऊक असतं, कुठल्या भांड्यात किती मावतं. एकीने विचारलं होतं, जिऱ्याच्या वाटीत ठेवू की मोहरीच्या? भाऊ म्हणाले होते, कुठंही ठेवा, पण यजमानांना सांगू नका.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तशी रॉकेलची टंचाई झाली आणि जो तो विजेसाठी अर्ज करू लागला. पण बाजारातून फ्यूजची तारही नाहीशी झाली. मग जळगावच्या लोकांनी जळगावचाच उपाय शोधला. आमच्याकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गल्लोगल्ली. रुईची गाठ दाबून झाली की तिच्याभोवती लोखंडी पट्टी आवळतात. त्या पट्टीचे तुकडे कुठेही पडलेले असत. कुणी त्यांची दाराला कडी करी, कुणी खुरपं. आता लोक ते कापून, ठोकून कटाउटमध्ये बसवू लागले. अख्खी गाठ धरून ठेवणारी वस्तू, ती दिव्याला काय दाद देणार? दिवे जाईनासे झाले. लोक खूश झाले आणि भाऊंची झोप उडाली. ज्या घरात शिरावं तिथे ते उलटा हात आणखी थोडा वेळ ठेवू लागले.

याच दिवसांत इंदूचं लग्न ठरलं. मुलाचे वडील प्रेसमधल्या गाठी बांधणाऱ्यांचे मुकादम. सगळे त्यांना नाना म्हणत. गावात मोठं घर, शेती बाहेर, शब्दाला वजन. वायरमनच्या पोरीला असं स्थळ मिळणं म्हणजे नशीबच, असं सगळे म्हणत होते, आणि भाऊंनाही ते मनातून मान्य होतं. आता नवऱ्या मुलाला टिळा लावायला मुलीकडच्यांनी जायचं होतं. भाऊंनी मला बरोबर घेतलं. घरातून निघताना इंदूने त्यांच्या हातात टिळ्याचं ताट दिलं आणि म्हणाली, "आबा, आज भितले हात लावू नका." भाऊ हसले. मी मात्र तिचा चेहरा पाहिला. ती हसत नव्हती.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. नानांनी घर असं उजळलं होतं की गल्लीच्या तोंडाशीच आमचे डोळे दिपले. कारखान्याच्या अंगणातले भलेमोठे दिवे त्यांनी एका दिवसापुरते मागून आणले होते आणि चौकात टांगले होते. शिवाय चहा गरम राहावा म्हणून विजेची शेगडी, पाहुण्यांसाठी पंखा. सगळी भाऊबंदकी जमली होती. भाऊ ओसरीवर आले, पाय भिंतीकडे वळले, आणि मग कुणीतरी मागून धरावं तसे थांबले. सतरंजीवर बसले आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. मला हसू आलं. त्या संध्याकाळचं ते माझं शेवटचं हसू.

आमच्या पाठीशी एक बंद दार होतं. त्या खोलीत नानांच्या शेतातला कापूस भरलेला होता. दाराच्या फटीतून पांढरे तंतू बाहेर आले होते. आणि चौकातल्या दिव्यांना जाणारी तार, केसिंगमधून, त्याच दारावरून त्या खोलीत शिरत होती. मी हे पाहिलं ते भाऊंची नजर तिकडे खिळली होती म्हणून. एरवी मला कशाला दिसलं असतं?

थोड्या वेळाने भाऊ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, वास येतोय का? मला धूपाचा येत होता. तसं मी सांगितलं. समोर नानांचे चुलत भाऊ दिव्यांची तारीफ करत होते. नाना खुशीत आले. दुपारपासून दोनदा दिवे गेले होते, त्यांनी सांगितलं. "बजारमा तार भेटस नही. मंग मी गाठनी पट्टी लाई दिधी. आते जास नही."

भाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात गुरुजींनी टिळ्यासाठी उठायला सांगितलं. मुलगा पाटावर बसला. भाऊ ताट घेऊन उभे राहिले. दोन्ही हातांत ताट, त्यात नारळ, फेटा, कुंकू, तांदूळ. सगळे बघताहेत. असं ताट हातात घेतल्यावर खाली ठेवत नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि आता मलाही वास येत होता. तो धूपाचा नव्हता. तापलेल्या रबराचा होता.

भाऊंनी ताट माझ्या हातात दिलं. एवढ्या माणसांदेखत वळले, दारापाशी गेले आणि हात उंच करून केसिंगला उलटी बोटं लावली. लावली आणि लगेच काढली. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. मुलीचा बाप टिळ्याच्या वेळी भिंती काय चाचपतोय?

नानांजवळ जाऊन भाऊ हळू आवाजात बोलले. त्यांना मी इतकं नरमाईने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दोनच दिवे बंद करू द्या, शेगडी तरी काढू द्या, असं विनवत होते. मुलीच्या बापाला याहून जास्त काय म्हणता येतं? नानांनी मान हलवली. त्यांचं कारण आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. थोरल्या मुलाच्या टिळ्याला भर कार्यात गॅसबत्ती विझली होती, आणि ती सून पहिल्याच बाळंतपणात गेली. तेव्हापासून दिवा विझणं म्हटलं की नानांच्या अंगावर काटा येई. ती पट्टी त्यांनी मिजाशीने लावली असं गाव म्हणे. मला विचाराल तर त्यांनी ती भीतीने लावली होती.

"टिळ्यामा दिवा जावाले नको, भाऊ," नाना म्हणाले. "काय वाटेल ते व्हवो. पट्टी मजबूत शे."

"ती तुटस नही, त्यानंच माले भ्याव शे," भाऊ म्हणाले.

नाना मागे सरेनात. भाऊंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे. दिवे बंद केले तर टिळा मोडतो, आणि टिळा मोडला की पोरीच्या नावावर बोट ठेवलं जातं. नाही केले तर इंदू ज्या घरात यायची ते घरच राहत नाही, आणि आत्ता या क्षणी त्यात पन्नास माणसं, पोरंबाळं बसलेली.

मग भाऊ नेहमी जात तिथे गेले. स्वयंपाकघराच्या दारात. तिथे नानांच्या पत्नी, अक्का, उभ्या होत्या.

"अक्का, ह्या खोलीमा कापूस कितला शे?"

"आढ्यालगून," अक्का म्हणाल्या. त्यांनी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे. बाईला दुसरं काही सांगावं लागलं नाही. "थांबा. पहिले मी समई लावस. मंग बंद करा."

त्यांनी देवघरातली समई आणली, मुलाच्या पाटासमोर ठेवली, पाचही वाती लावल्या. हात जराही हलला नाही. नाना बघतच राहिले. समई चांगली तेवली तेव्हा त्यांनी भाऊंकडे पाहून मान हलवली. भाऊ धावत ओट्यावर गेले आणि मेन स्विच ओढला.

मोठे दिवे गेले. घर एकदम लहान झालं. पण दिवा विझला असं कुणी म्हणू शकलं नाही. समई जळत होती. भाऊंनी कापसाच्या खोलीचं दार उघडलं तसा धुराचा लोट बाहेर आला. केसिंगखालचा कापूस चहाच्या रंगाचा झाला होता, आणि एके ठिकाणी, लहान वाटीएवढ्या जागेत, लाल ठिणग्या फिरत होत्या. भाऊंनी तो कापूस दोन्ही हातांनी उपसून चौकात आणून टाकला. कुणीतरी घागर ओतली. संपलं.

इथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण भाऊ पुन्हा ओट्यावर गेले, कटाउटमधून ती पट्टी काढली आणि उपरण्यात धरून आत आले. सगळी भीती उतरली होती आणि तिच्या जागी राग चढला होता. हात भाजलेले. त्यांनी ती पट्टी नानांच्या पायाशी टाकली आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "मनी पोरले सून करी राहिनात, का तिनं सरन रची राहिनात?"

टिळ्याच्या कार्यात सरण. आणि तेही कुणाच्या घरात? ज्यांनी एका सुनेचं सरण रचलेलं होतं त्यांच्या. अक्कांनी पदर तोंडाला लावला. नानांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. तो रागाचा नव्हता. आधी तर मुळीच नव्हता. भाऊंना शब्द परत घ्यायचा होता, ते मला दिसत होतं, पण तोंडातून गेलेला शब्द त्यांनी आयुष्यात कधी परत घेतला नव्हता. त्यांना तो घ्यायचा कसा हेच माहीत नव्हतं.

"टिळा लावा," अक्काच म्हणाल्या. समईच्या उजेडात भाजलेल्या बोटांनी टिळा लागला. निघताना नाना उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पोर मनी सून शे, तिले काही कमी पडाव नही. पन तुम्हीन परत ह्या उंबराना आत येवानं नही."

मला तुम्ही विचाराल, चूक कुणाची? तारेच्या बाबतीत भाऊ शंभर टक्के बरोबर होते. शब्दाच्या बाबतीत शंभर टक्के चुकले. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांचंही वाईट वाटतं.

लग्न पिंप्राळ्याच्या देवळापुढे भर दुपारी झालं. दिव्याचा प्रश्नच नको. आणि भाऊंनी उंबऱ्याचा शब्द पाळला. पण त्या घराचा मीटर आणि कटाउट ओट्यावर होते, उंबऱ्याच्या बाहेर. तिथे कंपनीच्या वायरमनला कोण अडवणार? कामावरून घरी जाताना भाऊ सायकल भिंतीला लावत, ओट्यावर चढत, कटाउटवर उलटा हात ठेवत. इंदू आतून उंबऱ्याशी येऊन उभी राही. दोघं फारसं बोलत नसत. फ्यूजच्या तारेचा पुठ्ठा त्यांनी उंबऱ्यावरून हात लांबवून अक्कांना दिला, तो मोहरीच्या वाटीत गेला. पुढे नातू झाला, तोही तसाच उंबऱ्यावरून बाहेर दिला जाई आणि भाऊंच्या मांडीवर थोडा वेळ खेळून आत परत जाई. नाना आत झोपाळ्यावर बसलेले असत. झोपाळा थांबलेला असे. पण ते उठून बाहेर आले नाहीत, आणि भाऊंनी आत हाक मारली नाही.

एकदा मी चिडून म्हटलं, अहो, माफी मागा ना. दोन शब्दांचं काम आहे. तुमच्या जिभेला एरवी कधी जड गेलं नाही, आताच का? भाऊ कटाउट पुसत म्हणाले, "मागसू. घाई काय शे?" पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही हेच. मला वाटतं, ते रोज ओट्यावर त्याच इराद्याने चढत असत.

मग थंडीच्या दिवसांत त्यांना ताप आला. खरा. आठवडाभर अंगावर काढला, आणि आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी कपाळाला हात लावला तर पोळला. "भित गरम शे," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. मला ते हसू बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेले.

सगळं आटोपून आम्ही पिंप्राळ्याच्या त्यांच्या घरात घोंगडीवर बसलो होतो. कोपऱ्यात कंदील, काच पुसलेली. इंदू बायकांच्यात भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात नाना आले. आम्ही सरकून जागा केली. ते उंबऱ्याशी थांबले, पायातलं काढलं, तरी थांबले. मला वाटलं, परत जातात. मग ते आत आले. बसले नाहीत. सरळ समोरच्या मातीच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर हात ठेवला. उलटा. डोळे मिटले.

शेवटी इंदू हळूच म्हणाली, "नाना, ह्या घरमा तार नही."

"माले माहीत शे," नाना म्हणाले. पण हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.